स्कूटरच्या आरशातलं इंजिन

फिरव

"गाडी फिरव," नंदकुमार म्हणाला.

"फिरवते."

"आत्ता फिरव. नंतर धावपळ होते."

"अहो, तुमच्या आगगाडीने अजून पनवेल सोडलेलं नाही. बघा की तुमच्या ग्रुपवर."

संध्याने स्कूटर आणली तशीच स्टँडवर चढवली. तोंड रुळांकडे. मग किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

असं पूर्वी कधी झालं नव्हतं. वाफेच्या इंजिनाचा फोटो काढायला जायचं, तर स्कूटरचं तोंड रस्त्याकडे हवं, इंजिन चालू हवं, आणि चालवणाऱ्याने हेल्मेट घालून सीटवर बसलेलं हवं. गाडी समोरून गेली की नंदकुमार कॅमेरा छातीशी धरून धावत येणार, मागे बसणार आणि "चल" म्हणणार. मग आडरस्त्याने गाडीच्या आधी पुढच्या जागी पोचायचं. तिथे दुसरा फोटो. पुन्हा "चल". तिसरा फोटो. हा छंद असलेले सगळे असंच करतात. इंजिन रुळांवरून जातं आणि ही माणसं शेतांतून, बांधांवरून, कारखान्यांच्या मागच्या गल्ल्यांतून त्याचा पाठलाग करतात.

या सगळ्यात स्कूटर चालवणाऱ्याची पाठ इंजिनाकडे असते. वीस वर्षं संध्याची होती.

सरळ

ती उरणच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावची. बाप मिठागरावर. तुर्भ्याच्या एका औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला लागली, तेव्हा तिथे स्टोअरला साताऱ्याकडचा एक मुलगा होता. तो जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मालगाड्या बघायला जायचा. सगळे हसायचे. संध्याही हसायची. पुढे ती त्याचा डबा घेऊन कुंपणापाशी जायला लागली आणि हसणं बंद झालं.

लग्न. कोपरखैरण्याची खोली, मग त्यावर चढवलेला मजला. मुलगी ईश्वरी, आता खारघरला, तिला एक मुलगा. कारखाना बंद पडल्यावर संध्याने एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम धरलं. ते अजून चालू आहे. एवढंच. तिच्याविषयी कुणाला सांगायचं तर एवढ्यात संपतं.

नंदकुमारला स्कूटर येत होती. पण चालवणाऱ्याला कॅमेरा धरता येत नाही. म्हणून ती शिकली. सेक्टरच्या मैदानात, साडी खोचून, पोरांच्या क्रिकेटमधून.

"आंटी, स्टंपवर नका घेऊ."

"स्टंप बाजूला घे रे तुझा."

डावीकडे, मग उजवीकडे, मग विचार कुणाला तरी

वाफेची इंजिनं आता रोज धावत नाहीत. वर्षा-दोन वर्षांतून कुठे तरी एखादी खास गाडी सुटते. तेव्हा रजा टाकायची. नेरळच्या मागची वाडी, जिथे रस्ता संपतो आणि गोठा सुरू होतो. इगतपुरीच्या घाटातली पायवाट, जिच्यावरून स्कूटर न्यायची नसते आणि तिने नेली. उटीला भाड्याची स्कूटर, ब्रेक नसलेली. हरयाणात मोहरीच्या शेतातून, शेतकरी काठी घेऊन मागे. त्यालाच थांबवून तिने पुढचा रस्ता विचारला आणि त्याने काठीनेच दाखवला.

रस्ते शोधायचं काम हळूहळू तिच्याकडेच आलं. नंदकुमार नकाशा बघायचा. ती माणसं बघायची. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई ज्या वाटेने येते त्या वाटेने स्कूटर जाते. दुधाची किटली लावलेली मोटारसायकल जिथून निघते तिथे पूल असतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून जागा बघायला ती एकटीच जाऊ लागली. फोनवर चार फोटो काढून आणायची. तो चष्मा वर करून फोटो बघायचा, ॲपवर सूर्य कुठे असेल ते तपासायचा आणि म्हणायचा, "झकास."

तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोला. कुणीही न गेलेल्या जागी सगळ्यांच्या आधी पोचणं तिला फार आवडायचं.

मागे बघू नको

इगतपुरीला एकदा तिने वळून बघितलं होतं. इंजिनाचा आवाज अंगावर आला आणि मान आपोआप फिरली. स्कूटर कलली, ती कलली, आरसा फुटला. इंजिन दिसायच्या आत ती दगडांत. उठून बसेपर्यंत शेवटचा डबा वळणाआड. पुढचे दोन्ही फोटो हुकले.

नंदकुमारने तिला उठवलं, कोपर पुसलं, पाणी दिलं. मग कसाऱ्यापर्यंत तो बोलला नाही. रागावला नव्हता. फक्त बोलला नाही.

त्यानंतर आरसा. उजव्या हाताच्या आरशात ती इंजिन बघायची. काडेपेटीएवढं. त्यावरचे आकडे उलटे. स्कूटर चालू असायची, म्हणून आरसा थरथरायचा, म्हणून इंजिनही थरथरायचं. बरीच वर्षं तिला वाटत होतं की वाफेची इंजिनं अशीच थरथरत धावतात.

फोनवर पाहिली होती की. फोनवर सगळ्यांनीच पाहिलीत.

हळू घे

मागच्या दिवाळीनंतर वाशीला एका हॉलमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन झालं. त्याच्या ग्रुपमधल्या प्रसादने सगळी व्यवस्था केली. प्रसाद बँकेत आहे आणि नंदकुमारला गुरू मानतो. मोठमोठे फोटो, खाली नावं, दिवे. संध्याने नवी साडी नेसली. शेजारच्या सुचित्राताई प्रत्येक फोटोपुढे उभ्या राहून "अगंबाई" म्हणत होत्या. मग त्यांनी विचारलं, "संध्या, यातलं तुला सगळ्यात कुठलं आवडलं गं? म्हणजे प्रत्यक्ष बघताना?"

संध्या म्हणाली, "आवाज आवडतो मला."

जवळचे चार-पाच जण हसले. नंदकुमारही हसला आणि म्हणाला, "हिने सगळी बघितलीत. माझ्याबरोबर एकूणएक फेरीला होती."

होती. ते खरंच होतं. घरी जाताना वाशीच्या सिग्नलला तिने आरशात त्याच्याकडे बघितलं. तो मागे बसून खूश होता. तेव्हा तिने ठरवलं की एकदा बघायचं. उभं राहून, दोन्ही डोळ्यांनी, सरळ.

त्याला सांगून झालं होतं. पूर्वीच.

"बघ की. कोण नको म्हणतंय?" तो म्हणाला होता. आणि पुढच्या फेरीला गाडीचा आवाज आला मात्र, "संध्या, चालू कर, चालू कर."

थांब

माघातल्या पौर्णिमेला, रविवारी, पनवेलहून उरणच्या बाजूला एक खास गाडी सुटणार असं कळलं. इंजिनाची ही शेवटची फेरी. त्याच्या बॉयलरची मुदत संपत होती आणि पुढे ते कुठल्याशा बागेत चौथऱ्यावर उभं राहणार होतं.

नंदकुमारने तीन जागा मागितल्या. संध्याने तीन शोधल्या. तिसरी सगळ्यात भारी होती. डोंगराच्या कुशीतलं एक वळण, जिथे विजेचे खांब झाडीत लपतात आणि तारा दिसतच नाहीत. आता सगळीकडे रुळांवर तारा आहेत. तारांशिवाय धावणारं वाफेचं इंजिन, असा एक फोटो त्याला कित्येक वर्षं हवा होता. त्या वळणाचा फोटो बघून तो नेहमीचं "झकास"सुद्धा म्हणाला नाही.

पहिली जागा जासईच्या पुढे, जुन्या मिठागराच्या बांधावर. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला खाजणाची दलदल. बांधावर जायला एकच कच्चा रस्ता. मध्ये उघाडी लागते, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायची फळी. तिथे तो रस्ता खचून खोलगट झालाय. संध्याने तिथले फोटो अष्टमीला, सकाळी अकराच्या सुमारास काढले होते. रस्ता कोरडा खडखडीत. भेगा पडलेला.

"इथे स्कूटर जाईल?" नंदकुमारने विचारलं होतं.

"जाईल."

तिच्या बापाने शाळेत घालायच्या आधी तिला एक हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. बाकीची गणितं ती नंतर शिकली. सूर्याचं ॲप नंदकुमारकडे होतं. चंद्राचं तिला लागत नव्हतं.

गाडी बांधासमोरून जाणार होती ती सव्वाअकराच्या पुढेमागेच.

कोण आहे?

नंदकुमार पुढे जाऊन कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवत होता तेव्हा खाजणातून धर्मराज वर आला. हातात बादली, बादलीत चिंबोऱ्या. तिच्या माहेरच्या आळीतला, नात्याने चुलता.

"कोन गो, संध्या? आज हय कशी?"

"गारी बघाला आलाव, काका. वाफेची."

"बघ. पन पानी भरतंय. पूनव हाय आज. त्यो उघारीपासचा रस्ता बुरनार."

"माहीत हाय."

धर्मराजने पुढे उभ्या असलेल्या नंदकुमारकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग रुळांकडे तोंड करून उभ्या स्कूटरकडे.

"दादल्याला माहीत हाय?"

"नाय. तुमी नका सांगू."

तो दात नसलेल्या तोंडाने हसला. "मी कशाला सांगतंय? तीन वाजंपरत पानी हटनार नाय पन. भाकरी आनलीस ना?"

"आनली."

"मंग बस," म्हणत तो बांधावरून निघून गेला.

संध्याने उघाडीकडे नजर टाकली. भेगांमध्ये पाणी शिरलं होतं. अजून वेळ होता. आत्ता फिरवली असती तर निघता आलं असतं. ते वळण, ती तारा नसलेली जागा, तिथे थेट पोचता आलं असतं. तिला ते कळत होतं. तिने पर्सची चेन चाचपली आणि बांधाच्या कडेला, रुळांकडे तोंड करून उभी राहिली.

चालू कर

"आली," नंदकुमार ओरडला. "पनवेल सोडून बराच वेळ झाला. संध्या, फिरवलीस?"

तिची नजर रुळांवरच होती.

"संध्या, चालू कर."

आधी धूर दिसला. मतलई वारा होता, जमिनीकडून खाडीकडे, त्यामुळे धूर त्यांच्या डोक्यावरून जाणार होता. फोटोसाठी वाईट. मग शिट्टी. मग जमीन पायाखाली हलकेच हलली, आणि संध्याच्या मनात आलं की म्हणजे थरथरतं ते इंजिन नव्हे.

ते काळं होतं. इतकं काळं की त्याच्यावरचं ऊनसुद्धा काळं दिसत होतं. तिला वाटलं होतं त्याहून बुटकं. चाकांना जोडलेले ते लांब दांडे. फोटोत ते नेहमी थांबलेले असतात, त्यामुळे ते काय करतात हे तिला कधी कळलंच नव्हतं. ते जात्यावर बसलेल्या दोन बायकांच्या हातांसारखे फिरत होते. एक ओढते, दुसरी ढकलते, खुंटा एकच. पुढे, खाली, मागे, वर. तिची आई आणि मावशी अशाच दळायच्या, बोलत बोलत, हातांकडे न बघता.

वाफ कडेने बाहेर येत होती. कोळशाचा वास, तेलाचा वास. आणि खिडकीतून एक माणूस अर्धा बाहेर झुकला. डोक्याला फडकं, तोंड काळं. त्याने तिच्याकडे बघून हात केला.

तिचा हात वर आलाच नाही. असा हात करतात हे तिला ठाऊकच नव्हतं. वीस वर्षांच्या एकाही फोटोत कुणी हात करत नव्हतं.

डबे गेले. डब्यांतली माणसं गेली. शेवटचा दिवा गेला.

चल

"चल," म्हणत नंदकुमार धावत आला, गुडघा सांभाळत. स्कूटरपाशी येऊन थबकला. "अगं किल्ली? फिरव ना. सव्वाबारापर्यंत वळणावर पोचलो तरच—"

मग त्याला उघाडी दिसली. रस्ता नव्हता. या बाजूचा बांध आणि त्या बाजूचा बांध, मध्ये पाणी. चकचकीत, सपाट, हलकेच वर येणारं.

तो पाण्यापर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला.

"हे आत्ता आलं?"

"भरती आहे."

"तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुसरा रस्ता काढायला सांगितला असतात," संध्या म्हणाली. "आणि मी काढला असता."

तो तिकाटण्याचे पाय मिटायला लागला. एक पाय मिटेना. तो त्याच्याशी झटत राहिला. कसाऱ्यासारखंच झालं. फक्त इथून कुठे जाता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याचा फोन वाजला. प्रसादने फोटो पाठवला होता. तेच वळण. मागे डोंगर, हिरवी झाडी, पांढरा धूर, एकही तार नाही, एकही खांब नाही. खाली लिहिलं होतं, "काका, कुठे आहात? काकूंनी परवा लोकेशन पाठवलं म्हणून मिळाला. हा तुमचाच."

नंदकुमारने फोटो मोठा केला. लहान केला. पुन्हा मोठा केला.

"चांगला काढलाय," तो म्हणाला.

"हो?"

"मी थोडं खाली बसलो असतो." मग फोन खिशात ठेवत, "त्याला दिलंस. मला नाही."

"तुम्हाला वीस वर्षं दिले," संध्या म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आजचा माझ्यासाठी ठेवला."

तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कांदा. तो आधी नको म्हणाला, मग अर्धी घेतली, मग उरलेली अर्धी. बगळे पाण्यात उतरले. दोघं उघाडीच्या दगडी कठड्यावर पाय सोडून बसले.

"ते हात करतात," ती म्हणाली.

"कोण?"

"इंजिनावरची माणसं."

"करतातच. नेहमी." तो चटणी पुसून घेत होता. "हात आत जाईपर्यंत मी थांबतो. फोटोत तो हललेला येतो."

संध्या त्याच्याकडे बघत राहिली.

"काय?"

"काही नाही."

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "खरं सांगू? बटण दाबतो ना, त्या वेळी मलाही काही दिसत नाही. कॅमेऱ्यात एक आरसा असतो, तो वर जातो. आत काळोख. गाडी समोर असते आणि आपण काळोखात. मी जे बघतो ते घरी आल्यावर, तुझ्याबरोबरच."

"हे कधी बोलला नाहीत."

"बोलण्यासारखं आहे का?"

आता

तीनच्या सुमाराला पाणी हटलं. रस्ता वर आला, काळा, चिखलाचा, मधे एक मासा तडफडत. संध्याने तो उचलून पाण्यात टाकला. आणि लांबून शिट्टी झाली.

गाडी परत येत होती. त्या टोकाला इंजिन वळवायची सोय नाही, त्यामुळे परतीला ते पाठमोरं चालतं. कोळशाचा डबा पुढे, धुराडं मागे. असा फोटो कुणी काढत नाही. प्रसाद आणि बाकीचे केव्हाच घरी निघाले असतील. नंदकुमारने कॅमेरा पिशवीत घातला आणि चेन ओढली.

"किल्ली दे."

"कशाला?"

"दे तर."

त्याने स्कूटर स्टँडवरून उतरवली, दोन-तीन झटक्यांत फिरवली, तोंड रस्त्याकडे केलं आणि सीटवर बसला. तिचं जांभळं हेल्मेट डोक्यात घातलं. ते त्याला होत नव्हतं. कानांवर अडकून वर राहिलं. मग त्याने बटण दाबलं आणि स्कूटर चालू केली.

"अहो, आता तरी उभं राहून बघा की. कॅमेरा नाहीये मध्ये."

"तू बघ. मी आहे इथे." त्याने उजवा आरसा धरून फिरवला. "एवढी वर्षं तू कसं बघितलंस ते तरी बघतो."

संध्या कडेला जाऊन उभी राहिली. या वेळी तिने हात आधीच वर केला. कोळशाचा डबा गेला, मग ते काळं, बुटकं इंजिन, दांडे उलट दिशेने दळणारे, आणि फडकं बांधलेला तो माणूस. त्याने तिला ओळखलं असावं. दोन्ही हात केले. धूर त्यांच्या अंगावरून गेला आणि डोळ्यांत कोळशाची कच गेली तरी तिने डोळे मिटले नाहीत.

आवाज विरल्यावर मागून नंदकुमार म्हणाला, "थरथरतं गं."

"हो," ती म्हणाली.

मग तो मागे सरकला, तिला हेल्मेट दिलं, आणि ती पुढे बसली. उघाडीच्या चिखलातून तिने स्कूटर पाय न टेकता काढली. आरसा त्याने स्वतःच्या उंचीला लावला होता. तिला त्यात मागचा रस्ता दिसेना, नुसतं आभाळ आणि त्याच्या खांद्याची कड. कोपरखैरण्यापर्यंत तिने तो तसाच राहू दिला.